बियाण्याला नाव कोणाचे? : शेतकऱ्याच्या स्मृतिलेखनाविषयी

मराठी नियतकालिकांत स्मृतिलेखाला हक्काची जागा आहे. शिक्षक, धर्मगुरू, लेखक, समाजसेवक यांपैकी कोणी निवर्तले की त्यांच्यावर चार पाने लिहिली जातात, आणि त्या पानांत त्यांच्या कामाचा काही ना काही तपशील येतोच. शिक्षकाची शाळा येते, लेखकाची पुस्तके येतात, कार्यकर्त्याची आंदोलने येतात. शेतकरी गेला की मात्र आपल्या लेखणीला एकाएकी विशेषणांचा पूर येतो. तो मनमिळाऊ होता, परोपकारी होता, कष्टाळू होता, दारी आलेल्याला त्याने कधी विन्मुख पाठवले नाही. यातले एकही विशेषण खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु लेख वाचून संपला तरी त्या माणसाच्या शेतात काय पिकत होते, त्याने बी कोठून आणले, पाणी कसे वळवले, शेजाऱ्याला दिले ते नेमके काय दिले, यातले काहीच वाचकाला कळत नाही. शेतकऱ्याचे अख्खे आयुष्य ज्या कामात गेले ते काम लेखातून वगळले जाते आणि त्याचा स्वभाव तेवढा उरतो. हा आम्हांस आधी वाङ्मयीन दोष वाटतो, आणि नीट पाहिल्यास तो अन्यायही आहे.

हा विचार आजच मांडण्याचे कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ताथवडे हे मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडचे गाव २००९ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आले. शेजारी हिंजवडी आणि वाकड, अंगावरून जाणारा कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता, उंच गृहसंकुले आणि महाविद्यालये. एका पिढीच्या आत गावाचा चेहरा पालटला. जेथे बांध होते तेथे संरक्षक भिंती आल्या. अशा गावातला वृद्ध शेतकरी निवर्ततो तेव्हा त्याच्यामागे शेत उरलेले नसते. शेत असते तर बांधावरचे आंब्याचे झाड, विहिरीची बांधणी, खाचरांची उतरंड यांनी त्याच्यासाठी साक्ष दिली असती. आता साक्षीला उरतो तो केवळ लेख. तोही विशेषणांतच संपला तर त्या माणसाचे काम दुसऱ्यांदा नाहीसे होते.

मराठी साहित्यात याहून चांगले लिहिणे झालेलेच नाही, असे मात्र नव्हे. महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेतकऱ्याविषयी कळवळा व्यक्त करून ते थांबले नाहीत. त्याचे घर, गोठा, भांडीकुंडी, सारा आणि कर्ज यांची त्यांनी जवळजवळ पंचनाम्याच्या काटेकोरपणाने नोंद केली. पाच वर्षांनी त्यांचे सहकारी कृष्णराव भालेकर यांनी ‘बळीबा पाटील आणि १८७७ चा दुष्काळ’ ही कादंबरी लिहिली. शेतकऱ्याचे नाव आणि त्याच्यावर आलेल्या संकटाचे साल ही दोन्ही तिच्या शीर्षकातच आहेत. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आली. त्यांतील व्यक्तिचित्रे लेखकाने स्तुती केली म्हणून लक्षात राहिली नाहीत. ती माणसे काय करतात, कसे बोलतात आणि कशावाचून अडतात हे त्यांत दिसते म्हणून ती राहिली. १९७१ च्या ‘गोतावळा’त आनंद यादवांनी मळ्यावरच्या गड्याचे जनावरांशी असलेले नाते आणि यंत्राच्या आगमनाने झालेली त्याची तुटातूट रंगवली, ती तपशिलाच्या बळावरच. म्हणजे शेतकऱ्याविषयी कसे लिहावे याचे धडे घरातच आहेत. कादंबरी आणि व्यक्तिचित्र यांनी ते गिरवले. स्मृतिलेख मात्र अद्याप विशेषणांच्या पायरीवर उभा आहे.

आपले म्हणणे तपासून पाहण्यासाठी एखादे उदाहरण हवे. कोणाच्या घरातले अलीकडचे दुःख चर्चेसाठी मांडावे हे उचित नव्हे. म्हणून आम्ही असा शेतकरी निवडला, ज्याचे आयुष्य सार्वजनिक झाले आहे आणि ज्याच्या हातचे फळ ताथवड्याच्या कोणत्याही किराणा दुकानात आजही मिळते. दुकानातल्या तांदळाच्या पोत्यांवर ‘इंद्रायणी’, ‘आंबेमोहोर’, ‘कोलम’ यांच्या शेजारी ‘एचएमटी’ ही अक्षरे सर्रास दिसतात. आंबेमोहोराला आंब्याच्या मोहोराच्या वासाने नाव दिले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणीला नदीचे नाव मिळाले. एचएमटी ही अक्षरे मात्र एका मनगटी घड्याळाची आहेत. तांदळाला घड्याळाचे नाव का पडले, याचा शोध घेत गेल्यास आपण पुण्यापासून शेकडो कोस दूर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात जाऊन पोहोचतो.

तेथे नांदेड नावाचे लहानसे गाव आहे. मराठवाड्यातले नांदेड शहर ते हे नव्हे. आपण ज्याला भात म्हणतो त्याला तिकडे धान म्हणतात आणि आपल्या खाचराला बांधी. या गावातले दादाजी रामाजी खोब्रागडे हे दलित कुटुंबातले अल्पभूधारक शेतकरी. जमीन जेमतेम दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना पिवळसर रंगाच्या तीन लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. शेतात निराळी लोंबी अनेकांना दिसते. बहुतेक जण तिच्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा भेसळ म्हणून ती उपटून टाकतात. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला काढल्या आणि जपून ठेवल्या. पुढल्या हंगामात त्यांचे दाणे शेताच्या मधल्या लहानशा तुकड्यात वेगळे पेरले आणि जनावरांपासून राखण्यासाठी भोवती काटेरी झुडपांचे कुंपण केले. आलेल्या पिकातून हवे ते निवडायचे, नको ते काढायचे, उरलेले पुन्हा पेरायचे, असा क्रम त्यांनी काही वर्षे चालवला. दाणा बारीक निघाला, भात खाण्यास चांगला लागला आणि भरडल्यावर तांदूळही अधिक मिळू लागला.

या कामाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे, कारण आमच्या विवेचनाचा सारा भार त्यावर आहे. धान हे प्रामुख्याने स्वपरागीकरणाचे पीक आहे. त्यामुळे एका निराळ्या लोंबीचे गुण पुढल्या पिढ्यांत बऱ्याच अंशी टिकतात. मात्र तेही तिची पेरणी वेगळी ठेवली, काढणी वेगळी केली, मळणीत दुसरा दाणा मिसळू दिला नाही आणि दरवर्षी वेगळी निघालेली रोपे काढून टाकली तरच. कृषिविद्यापीठात या पद्धतीला निवड पद्धत म्हणतात आणि तिच्यासाठी प्रयोगक्षेत्र, मजूर, नोंदवह्या आणि पगार असतो. दादाजींकडे यातले काही नव्हते. दीड एकरवाल्याने शेताचा तुकडा प्रयोगासाठी अडवणे म्हणजे घरच्या ताटातला घास बाजूला काढून ठेवणे होय. ही वर्षे धीराची होती, निरीक्षणाची होती आणि जोखमीची होती.

१९९० च्या सुमारास गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून हे बी घेऊन आपल्या जमिनीत लावले. माल तळोधीच्या बाजारात गेला. या अनोळखी बारीक धानाला नाव काय द्यायचे, असा प्रश्न तेथे उभा राहिला आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला चिकटले, असे सांगतात. पुढे हे बी शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे, नात्यागोत्यांतून आणि बाजारहाटातून जिल्ह्याबाहेर व राज्याबाहेर पसरले. दादाजींनी ते देताना हात आखडता घेतला नाही. त्यांनी आणखीही वाण निवडले. त्यांपैकी एकाला ‘डीआरके’ हे स्वतःच्या आद्याक्षरांचे नाव दिले, तर ‘नांदेड ९२’ आणि ‘नांदेड चिन्नोर’ यांना गावाचे. आपल्या कामाला नाव असावे ही जाणीव त्यांना होती, हे या नावांवरून स्पष्ट दिसते.

१९९४ साली पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही येथील केंद्राने त्यांच्याकडून पाच किलो बी नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. बियाण्याचे शुद्धीकरण करणे हेही कामच आहे, आणि ते करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या श्रमाला आम्ही कमी लेखत नाही. परंतु नावाकडे पाहा. त्यात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे. ज्याच्या बांधीत ती लोंबी दिसली तो माणूस तेवढा नाही. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंद करण्याचा अधिकार देणारा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संसदेने २००१ साली केला. बी राखून ठेवणे, पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्कही त्या कायद्याने मान्य केला. १९९८ साली तो नव्हता. कायदा नव्हता म्हणून ऋणही नव्हते, असे मात्र कोणी म्हणू नये.

पुढे सन्मान आले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० साली ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचा समावेश केला. ज्याने बी दिले आणि त्यातून संपत्ती उभी केली नाही, त्याला उद्योजक म्हणावे, यातला विनोद त्या यादीच्या लक्षात आला नसावा. आर्थिक ओढाताण सरली नाही. दीर्घ आजारानंतर ३ जून २०१८ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या शोधग्राम येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर जे लिहिले गेले त्याचे स्थूलमानाने दोन साचे दिसतात. पहिला साचा देवमाणसाचा: साधा, निःस्वार्थी, कशाची अपेक्षा न ठेवणारा. दुसरा साचा बळीचा: उपेक्षित, दरिद्री, व्यवस्थेने लुबाडलेला. दोन्ही साचे सहानुभूतीचे आहेत, आणि दोहोंत सत्याचा अंश आहे. तरीही दोहोंत दादाजींच्या हाताला काम नाही. पहिल्यात ते देतात, दुसऱ्यात त्यांच्याकडून घेतले जाते; ते पाहतात, निवडतात, पारखतात असे फारसे कोठे दिसत नाही. तीन लोंब्यांचा प्रसंग येतो, पण तो दैवयोगासारखा येतो, जणू त्या लोंब्या त्यांना सापडल्या आणि काम झाले. मधली वर्षे गळून पडतात. ज्ञानाची वर्षे गळाली की दयाळूपणा तेवढा उरतो, आणि ज्ञानावाचून उरलेला दयाळूपणा भोळेपणासारखा दिसू लागतो. ‘बिचारा’ हा शब्द मग दूर नसतो. आमच्या मते शेतकऱ्याच्या स्मृतिलेखातला सर्वांत अपमानकारक शब्द हाच आहे, आणि तो नेहमी प्रेमानेच लिहिलेला असतो.

‘परोपकार’ हा शब्दही तपासून घेण्याजोगा आहे. आपल्या गावगाड्यात परस्परांना मदत करण्यासाठी नेमके शब्द होते. लावणीच्या वेळी आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात अशी श्रमांची फेड चाले तिला सावड म्हणत. एखाद्याचे शेत नांगरून देण्यासाठी गावकरी आपापली औते घेऊन जमत आणि घरधनी त्यांना जेवू घाली, ती इर्जिक. बी उसने दिले तर ते सुगीला सवाईने किंवा दिढीने परत घेण्याची रीत होती. हे शब्द कळले की चांगल्या शेतकऱ्याचा चांगुलपणा मोजण्याचे माप हाती येते. सवाईची रीत असताना ज्याने बी तसेच दिले, त्याने नेमके काय सोडून दिले हे सांगता येते. विधवेच्या शेताची इर्जिक ज्याने न सांगता घडवून आणली, त्याने गावाच्या कोणत्या नियमाला कोठवर ताणले हे दाखवता येते. ‘ते परोपकारी होते’ या तीन शब्दांत हे सारे बुजून जाते. शेजाऱ्याशी असलेले त्याचे नाते व्यवहाराचे, विश्वासाचे आणि परतफेडीचे होते; आपण त्याला एकतर्फी दानाचे रूप देतो, आणि घेणाऱ्यालाही त्यामुळे विनाकारण याचक करून ठेवतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या वाचकांकडूनच येईल. दान गुप्त असावे, एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताला कळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पेरणाऱ्याच्या दाखल्यातही मातीचे प्रकार सविस्तर सांगितले आहेत आणि पेरणारा अनाम आहे. मग नावाचा एवढा आग्रह कशासाठी? आमचे उत्तर असे की, ती शिकवण देणाऱ्यासाठी आहे. आपले दान लपवणे हा त्याचा विनय. घेणाऱ्याने त्याचे नाव लपवले तर तो विनय राहत नाही. ते ऋण बुडवणे होते. स्मृतिलेख लिहिणारा हा नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने लिहीत असतो. ज्या समाजाने त्या माणसाचे बी पेरले, त्याच्या विहिरीचे पाणी प्यायले, त्याने सोडलेल्या वाटेवरून शाळेत मुले पाठवली, त्या समाजाच्या वतीने तो लेखणी उचलतो. नाव आणि तपशील नोंदवणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप असा की शोकाच्या घडीला हिशेब कोण मांडतो? घरच्यांना विशेषणेच सुचतात, कारण विशेषणे म्हणजेच माया. हे आम्हांस मान्य आहे. प्रार्थनासभेत बोलणाऱ्या मुलाकडून किंवा मुलीकडून कोणी वाणांची यादी मागू नये. परंतु छापील लेखाला सवड असते. तो महिन्याने, वर्षाने लिहिला तरी चालतो. त्या सवडीचा उपयोग करणे हे लेखकाचे आणि संपादकाचे काम.

तुलनेसाठी आणखी एका शेतकऱ्याचे स्मरण करू. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने १९५० च्या सुमारास प्रवरा परिसरात शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८० साली ते निवर्तले. त्यांचे नाव कारखान्यावर आहे, शिक्षणसंस्थांवर आहे. ते योग्यच आहे. संस्था उभारणाऱ्याचे स्मरण सोपे असते, कारण इमारतीला पाटी लावता येते, कारखान्याला दप्तर असते, दप्तरात तारखा असतात. बी देणाऱ्याचे काम मात्र हजारो शेतांत विखुरलेले असते आणि दर हंगामात नव्याने उगवत असते. त्याला पाटी लावायची तर ती नावाच्या रूपानेच लावता येते. म्हणून ज्याचे काम विखुरलेले, त्याच्यावरचा लेख अधिक काटेकोर हवा. प्रत्यक्षात आपण नेमके उलट करतो: संस्थापकाच्या लेखात तारखा आणि आकडे, शेतकऱ्याच्या लेखात गहिवर.

नोंद ठेवण्याची कला आपल्याला येत नाही, असेही नाही. ताथवड्यातच शासनाच्या पशुसंवर्धन खात्याचे वळू माता प्रक्षेत्र आहे. अशा प्रक्षेत्रांवर जनावराची वंशावळ लिहिलेली असते. वळूची आई कोण, तिने वेतात किती दूध दिले, याच्या नोंदी असतात, कारण पुढच्या पिढीची प्रत त्यावर ठरते. त्याच गावशिवारात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या माणसांच्या ज्ञानाची अशी वंशावळ कोणी लिहिली? कोणत्या घरात कोणते बी राखले जाई, ते राखेत ठेवत की लिंबाच्या पाल्यात, लग्न होऊन आलेल्या सुनेने माहेरहून कोणते वाण आणले, हे सांगू शकणारे आजी-आजोबा आज नव्या इमारतींच्या सज्ज्यांत बसलेले आहेत. त्यांना विचारायला जाणाऱ्याला लांब जावे लागत नाही.

वाचकहो, या नियतकालिकासाठी आपण जे स्मृतिलेख पाठवाल त्यांत तीन प्रश्नांची उत्तरे यावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे. तो माणूस काय जाणत होता? त्याच्याकडून कोणाला नेमके काय मिळाले? आणि आपल्याकडून त्याचे काय देणे राहिले? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि बहुतेक लेख त्याच्या आधीच आवरते घेतले जातात. दादाजी खोब्रागडे यांच्या बाबतीत त्याचे उत्तर अगदी लहान आहे: तांदळाच्या पोत्यावरच्या तीन अक्षरांच्या जागी किंवा त्यांच्या शेजारी एक नाव. एचएमटी वॉचेस ही घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. तांदूळ मात्र घराघरांत शिजतो आहे, आणि तो मागताना आपण अजून घड्याळाचेच नाव घेतो.